पहिलं ताट मालकाचं

मंडळी, आज भर दुपारी मी खानावळीचं शटर खाली ओढलं.

माझे आजोबा आमच्या महाल भागातले नामी पैलवान. कुस्ती सोडून सत्तर सालच्या आसपास त्यांनी ही खानावळ काढली. नियम एकच, पहिलं ताट मालकानं गिऱ्हाइकांसमोर जेवायचं.

आज पहिल्याच घासाला रश्शातलं खोबरं खवट लागलं.

धाकटा भाऊ कुजबुजला, "दादा, गर्दी उभी हाये. एवढ्या तिखटात कोणाले समजते?"

"मले समजलं ना."

मी सगळ्यांची माफी मागितली. एक म्हातारे गिऱ्हाईक उठता उठता म्हणाले, "तुह्या आज्यानं मले असंच उपाशी वापस धाडलं होतं. तवापासून दुसरीकडे जेवलोच नाही."

उद्या नवीन खोबरं आणतो. पहिलं ताट माझंच. समोर कोण कोण बसणार?