सुगंधाचं बक्षीस

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर सुगंधा आमच्या शेजारी राहायची. संपात तिच्या नवऱ्याची, अंबादासची, गिरणीतली नोकरी गेली. वेटलिफ्टिंगच्या खेळाच्या जोरावर तो एका कारखान्यात चिकटला. राज्य स्पर्धेत पदक मिळालं की तिथे कायम होणार होता.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो ताकदीची इंजेक्शनं घ्यायला लागला. दंड फुगले. पण कधी आवाज न चढवणारा माणूस आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावू लागला. शिमग्यापर्यंत त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले.

"बंद करा हो ते," ती विनवायची.

"स्पर्धा होऊ दे."

शेवटी ती वेटलिफ्टिंग संघटनेचे सेक्रेटरी काशीरामभाऊंकडे गेली. "त्यांना खेळू देऊ नका. जीव जाईल त्यांचा," एवढंच म्हणाली. भाऊंनी अंबादासची पिशवी तपासली, त्यात इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या. त्याच्यावर बंदी आली. कारखान्यानंही काढून टाकलं.

कोणी सांगितलं ते अंबादासला माहीत नव्हतं. एक दिवस काशीरामभाऊ घरी आले आणि त्याच्यासमोरच म्हणाले, "वहिनी, खबर देणाऱ्याला संघटनेनं दोन हजार जाहीर केलेत. तुमचा हक्क आहे."

सुगंधा म्हणाली, "मला नकोत."

"घ्या हो. तुम्ही घेतलेत तर आणखी चार जण तोंड उघडतील. फुकट कोण वाईटपणा घेतं?"

ते गेल्यावर अंबादास म्हणाला, "बरा भाव आला माझा."

"बक्षिसाचं मला ठाऊकसुद्धा नव्हतं हो!"

"मग घेऊ नकोस."

"नाही घेणार."

पण पुढच्याच आठवड्यात त्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सुजलंय, औषधं महाग आहेत. दोघांच्याही घरून काही मिळण्यासारखं नव्हतं. सुगंधा भाऊंकडे गेली आणि पैसे घेऊन आली.

गोळ्या पुढे करत तिनं सांगून टाकलं, "त्याच पैशांच्या आहेत."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बऱ्याच वेळानं हात पुढे केला.

गणपतीपर्यंत तो हिंडूफिरू लागला, टेम्पोवर कामाला लागला. पण चारचौघांत हसत सांगायचा, "हिनं मला दोन हजारांना विकलं." ती आत निघून जायची.

पुढच्या वर्षी नळावर खालच्या गल्लीतल्या शकूनं तिला बाजूला घेतलं. शकूचा भाऊ अंबादासच्याच व्यायामशाळेत जायचा, तीच इंजेक्शनं घ्यायचा.

"सांगू का गं काशीरामभाऊंना?"

"सांग. आजच सांग."

"आणि पैसे?" शकूनं खालच्या आवाजात विचारलं. "देतात ना?"

देतात, असं सुगंधा म्हणाली. घे की घेऊ नको, हे मात्र तिला सांगता आलं नाही.