चाळीस मैलांत कोणी नाही

आमच्या भावजींनी, म्हणजे देवानंद वाघमाऱ्यांनी, लग्नाच्या आदल्या दिवशी माळ घालायची तालीम केली होती. ताईच्या जागी उभा केला पद्माकर नावाचा मित्र, कारण त्याची उंची ताईएवढी. माळ त्याच्या कानात अडकली. भावजींनी दोरा वाढवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर ती माळ ताईच्या गळ्यात पडून थेट गुडघ्यापर्यंत आली. ताईने तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी धाकटी बहीण, हर्षा, तेव्हा नऊ वर्षांची. मला कोण विचारतंय?

पुढे जर्मनीत हॅनोव्हरला त्यांना नोकरीही नेमकी तसलीच मिळाली. नवी गाडी बंद खोलीत उभी करायची, खोली भट्टीसारखी तापवायची नाहीतर बर्फासारखी गोठवायची, आणि काय काय बिघडतं ते लिहून काढायचं. तीन दोष निघाले की गाडी नापास. एकतीस वर्षं हेच केलं, आणि मग घरालाही तोच कायदा लागू झाला. नॉर्वेला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी ताईला रेनकोट घालून वीस मिनिटं शॉवरखाली उभं केलं. तीन ठिकाणी पाणी शिरलं. नॉर्वे रद्द! मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही, पण त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ताई, म्हणजे प्रभावती, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. २०१५ साली दोघं रिटायर झाली आणि तिने आयुष्यातली एकमेव मागणी केली. तिला मोटरहोममधून अमेरिकेचं वाळवंट बघायचं होतं. कारण विचाराल तर समोरचे शेजारी लिंडेमान. सव्वीस वर्षं ताई सकाळी पडदा उघडते आणि समोरच्या खिडकीत ते ब्रेडला लोणी लावत असतात. माणूस देवासारखा, पण रोज किती बघायचा? एकदा तरी पडदा उघडावा आणि समोर कोणाचीच खिडकी नसावी, एवढंच तिचं म्हणणं.

मेमधली तिकिटं काढली. पण आदल्या वर्षीच ताईच्या हृदयात स्टेंट बसवला होता. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. भावजी जर्मनमध्ये म्हणाले, आल्झो, म्हणजे तर मग, आधी टेस्ट.

टेस्ट अशी. मार्चमध्ये एक मोटरहोम भाड्याने आणून स्वतःच्याच दारात उभं करायचं आणि सात दिवस त्यात राहायचं. बाहेर बर्फ, म्हणून आत दोन हीटर लावून अडतीस डिग्री तापमान. पाणी मोजून. घरात पाऊल टाकायचं नाही, कारण वाळवंटात घर अस्तित्वातच नाही. घराची किल्ली माझ्याकडे दिली, मी दोन गल्ल्या सोडून राहते म्हणून. रोज सकाळी सातला येऊन मी खिडकीतून तपासणी करायची आणि कागदावर सही करायची. तीन दोष झाले की अमेरिका रद्द. दारावर आतून एकवीस नियम चिकटवले होते. सातवा नियम लाल शाईत होता: चाळीस मैलांत कोणी नाही. कोणी दार वाजवलं तर तो अनोळखी माणूस. उघडायचं नाही.

मी म्हटलं, भावजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ते म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, तेच तपासायचंय. आता बोला.

पहिल्या दिवशी भावजी हाफ पँट, गवती टोपी आणि काळा चष्मा घालून स्टिअरिंगपाशी बसले आणि चार तास गाडी न हलवता चालवली. इंजिन बंद, कारण उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर गल्लीतून तक्रार येते. वळण आलं की इंडिकेटर मात्र देत होते. दर अर्ध्या तासाने ताईची नाडी मोजायचे. ताई नर्स, तिने उलट त्यांची मोजली तर त्यांचीच एकशे दहा निघाली.

दुसऱ्या दिवशी मला हाताशी धरून ताई हळूच घरात जाऊन अंघोळ करून आली. केस ओले दिसले. एक दोष. चौथ्या दिवशी लिंडेमान केक घेऊन आले. बिचाऱ्यांना वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय आणि ताईला घरातून हाकलून दिलंय. ताईने केक घेतला. भावजींनी दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि मग लिहिलं, वाळवंटात केक येत नाही. दोष दुसरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ताई बॅगेत भरायच्या कपड्यांची गोष्टही काढेना. मला तिचा चेहरा बघवेना.

पाचवा दिवस गुरुवार होता. सातला पाच मिनिटं कमी असताना मी गल्लीत शिरले तर काय बघते! आमचे भावजी हाफ पँट, टोपी, काळा चष्मा आणि पायात चपला अशा थाटात बर्फातून कागदाच्या कचऱ्याचा निळा डबा ओढत होते. गुरुवार म्हणजे निळ्या डब्याचा दिवस. सव्वीस वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. झोपेतून उठून पाय आपोआप निघाले, वाळवंट गेलं उडत. डबा रस्त्याच्या कडेला लावला, त्याचं हँडल नियमाप्रमाणे वळवलं आणि परत आले तर दार आतून बंद.

त्यांनी दार वाजवलं. पडदा सरकला. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग दारावरच्या कागदाकडे पाहिलं आणि पडदा परत लावला.

भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, घराची किल्ली दे. मी म्हटलं, कुठलं घर? इथे तर घर अस्तित्वातच नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. समोर लिंडेमान हातातली सुरी तशीच धरून खिडकीत उभे होते.

भावजींचे गुडघे थंडीने निळे पडायला लागले, पण डोकं चालूच. आतल्या ताईला मोठ्याने समजावत होते की हा तिसरा दोष धरावाच लागेल, दोष कोणी केला याला महत्त्व नाही, टेस्ट नापास. तेव्हा ताईने खिडकी उघडली.

"अहो, तुमच्या त्या टेस्टच्या खोलीतला तपासणारा चुकला तर तुम्ही गाडी भंगारात काढत होतात का?"

भावजी म्हणाले, नाही, तपासणारा बदलत होतो.

"मग मी तुम्हाला बदलते. हर्षा, मेमध्ये सुट्टी मिळेल तुला?"

मी लगेच हो म्हटलं. भावजींच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे भरलेले होते, आणि ते काही थंडीने नव्हतं.

"प्रभा, गाडीचं मला काही वाटत नाही गं. इथून हॉस्पिटल अकरा मिनिटांवर आहे. तिथे मधोमध तुला काही झालं तर मी कोणाचं दार वाजवू?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे नाडी, हीटर, एकवीस नियम, सगळा खटाटोप एवढ्यासाठी. आणि मी मेली त्यांना किल्ली नाकारून मजा बघत होते.

ताई म्हणाली, व्हायचं ते इथेही होईल, पण मग माझ्या डोळ्यांसमोर शेवटी लिंडेमान असतील, चालेल तुम्हाला? आणि तिने दार उघडलं. कागदावर तिसरा दोष तिनेच लिहिला, खाली 'तपासणारा दुरुस्तीला पाठवला' असा शेरा मारला आणि माझी सही घेतली. भावजींना पुढे चार दिवस सर्दी होती.

मेमध्ये दोघंच गेली. मला सुट्टी मिळाली होती, पण मी सांगितलं मिळाली नाही.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. सकाळी उठून तिने पडदा उघडला, तर समोर लांबच लांब माती, झुडपं आणि आभाळ. एकही खिडकी नाही. फक्त रस्त्याच्या कडेला तिचा नवरा, घडी केलेली कागदी पिशवी हातात धरून डबा शोधत उभा. गुरुवार होता ना! शेवटी कंटाळून तो परत आला आणि त्याने दार वाजवलं. ताईने आतून विचारलं, कोण आहे?

"उघड गं, मीच," भावजी म्हणाले. "चाळीस मैलांत दुसरं कोणी नाही."