वंदनेपुरतं वायफाय बंद

अर्धापूरला मावशीला लकव्याचा झटका आला आणि तिची वाचा गेली. पाणीसुद्धा मागता येईना. पण आईने फोनवर त्रिशरण-पंचशील सुरू केलं की मावशीच्या तोंडून पुढचे शब्द आपोआप येत. डॉक्टर म्हणाले, रोज म्हणवून घ्या, बोलणं परतलं तर यातूनच. तेव्हापासून रोज संध्याकाळी इकडे लातुरात आई, तिकडे मावशी, अशी व्हिडिओवर वंदना सुरू झाली.

पण मध्येच कॉल अडकायचा. आईची ओळ तुटली की मावशीचा धागा सुटे. मग ती नुसती बघत राही, आणि डोळ्यांना धार.

घरातला तांत्रिक माणूस मी, म्हणजे रिमोट आपटून टीव्ही चालू करणारा. मी चार अँटेनांचा राउटर आणला आणि बुद्धमूर्तीशेजारी फळीवर ठेवला; घरातली मानाची जागा तीच. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. कॉल जास्तच तुटायला लागला.

"रुमालानं गुदमरला आसंल," बायको म्हणाली.

शेवटी लेकीने समजावलं. "बाबा, गल्लीत घरोघरी क्लासच्या पोरींच्या खोल्या. मजल्यागणिक वायफाय, सगळे लहरींच्या एकाच पट्ट्यात. एक बोलायला लागला की बाकीचे थांबतात. तुमचा मोठा आला म्हणून समोरच्यांनीही मोठा आणला."

"म्हणजे ग्रामसभाच की."

"ग्रामसभेत कोण थांबतंय, बाबा?"

आईच्या जुन्या फोनला दुसरा पट्टा दिसत नाही, खोलीत मोबाइलची रेंज नाही. नवा फोन घेऊ म्हटलं तर, "ह्याच्यावरच तिला बघायची सवय हाय मला."

मग मी दारोदार फिरलो. समोरच्या किराणा दुकानवाल्या आजी कपाळाला भस्म लावून पूजेला बसत होत्या.

"आजी, आमची वंदना होईस्तोवर वायफाय बंद ठेवाल का?"

"तिची वाचा येती का त्यानं?"

"सांगता येत नाही."

"मंग बघू की करून. आमच्या लिंगपूजेला कुठं वायफाय लागतंय?"

वरच्या पोरी म्हणाल्या, "करतो बंद, काका. पण लवकर उरका हं, टेस्ट हाय."

त्या संध्याकाळी फोनच्या यादीत एकटं आमचंच वायफाय उरलं. आई सांगत गेली, मावशी मागून म्हणत गेली. अडखळत, पण शेवटपर्यंत. वंदना संपली. पुढे म्हणायला काही उरलं नव्हतं. तरी मावशीचे ओठ हलत राहिले.

"अक्का," ती म्हणाली.

हा शब्द आईने सांगितलेला नव्हता.

आई काहीच बोलेना. पापणीही हलेना. तिकडून मावसभाऊ ओरडला, "दादा, अडकलं बघा पुन्हा!"

"नाही अडकलं," मी म्हणालो.

वरून पोरींची हाक आली, "काका, करू का चालू?"

"थांबा गं, जरा थांबा."