डाव्या टाकीतलं पाणी

बार्ज किती झुकली ते दाखवणारा ओळंबा दोनच्या खुणेवर होता, तो तीनवर गेला. पंप मीच सुरू केला होता आणि बार्जवर मी एकटाच होतो.

आमची बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, जयगडच्या खाडीत नांगरलेली. निम्मा कोळसा उतरलेला, उरलेला उजवीकडे जास्त. सारंग, म्हणजे बोटीचे प्रमुख, कागद घेऊन धक्क्यावर गेलेले. बाकीचे दोघं जवळच्या गावचे, जेवायला घरी. माझं घर वाशीमला. शाळा सातवीत सुटली. पोहता येत नाही, हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही.

बार्ज सरळ राहावी म्हणून दोन्ही कडांना पाण्याच्या टाक्या असतात. सारंगकाकांनी शिकवलं होतं: उजवी बाजू अधिक, डावी वजा. पाणी भरलं की अधिक, काढलं की वजा. पाण्याचे टन आणि मधल्या रेघेपासूनचं अंतर यांचा गुणाकार अधिक आला तर बार्ज उजवीकडे झुकते, वजा आला तर डावीकडे. झुकली होती उजवीकडे, म्हणून मला वजा हवं होतं. मला वाटलं, डावी वजा, काढणं वजा, दोन वजा म्हणजे चांगलंच मोठं वजा.

कोळसा घरंगळल्याचा आवाज आला तसा पंप बंद केला आणि वॉकीटॉकी उचलला.

"काका, डावीकडचं दहा टन काढलं. आणखी झुकली."

सांगता सांगताच मला नोकरी गेलेली दिसली.

"गजा, टाकी मधल्या रेघेपासून किती लांब?"

"चार मीटर."

"मांड."

हातावरच पेनाने मांडलं. वजा दहा गुणिले वजा चार. "वजा चाळीस?"

"अरे मेल्या, डावी बाजू हलकी केलीस. ती वर येणार. मग बार्ज कुठं जाणार?"

"उजवीकडं." मग माझं मलाच कळलं. "अधिक चाळीस."

"आता तिथंच भर. मी होडीनं येतोय, पण भरायचं तू."

काढलेलं दहा टन परत भरलं, ओळंबा दोनवर आला. आणखी वीस टन. अधिक वीस गुणिले वजा चार, वजा ऐंशी. ओळंबा मधोमध थांबला.

काका आले, ओळंबा बघितला आणि लॉगबुक, म्हणजे बोटीची नोंदवही, पुढे सरकवलं. चुकीसकट सगळं मला लिहायला लावलं. ऑफिस मला काढून टाकेल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली आणि चहा टाकायला सांगितलं. नोकरी राहिली.

संध्याकाळी सगळे घरी गेले. आईला फोन केला, जेवलो एवढंच सांगितलं.

पंपाला हात लावण्याआधी आता मी दोन्ही चिन्हं लिहितो. आणि कोणती बाजू वर येईल, ते स्वतःला मोठ्याने विचारतो. ऐकायला तसंही कुणी नसतं.