पेज किती प्यालीस?

आमच्या ऑपरेशन थिएटरात डॉक्टर दोन, पण हुकूम चालतो सकुबाईचा. किन्हवलीची ही बाई अठरा वर्षं शहापुरातल्या या छोट्या खाजगी दवाखान्यात फरशी पुसते, चादरी बदलते आणि उरलेल्या वेळात मला अक्कल शिकवते. मी शेखर, इथला टेक्निशियन, तीन वर्षांपासूनचा. माझ्याकडे डिप्लोमा आहे, तिच्याकडे जीभ आहे. कोण जिंकतं ते सांगायला नको.

पेशंटला धीर द्यायचं कामही तिनं परस्पर स्वतःकडे घेतलंय. वस्तू हातात धरून दाखवते. "ही नळी. थेट श्वासाच्या वाटेत जाते, फुगा फुगला की वाट बंद. पोटातलं वर आलं तरी आत जायचं नाय. पन घसा खरवडतो, कधी दात बी हलतो. आनि हा मास्क. घशात, श्वासाच्या वाटेच्या तोंडावर नुसता बसतो. घशाला सुख, पन पोट रिकामं पायजे." भुलीच्या डॉक्टरांनी एकदा हे ऐकलं आणि ते म्हणाले, "मला यात भर घालण्यासारखं काही नाही." पुढे आठवडाभर बाईला स्वर्ग दोन बोटंच उरला होता.

परवा डोळखांबकडच्या पाड्यावरची रखमी आली. छातीत साधी गाठ, अर्ध्या तासाचं काम. पण रखमी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. पंधरा दिवसांवर तिच्या नातीचं, मीनाचं लग्न. तिला गाठीची भीती नव्हती, आवाजाची होती.

"नळी नको गो बाय," एवढंच ती सकुबाईला सांगत राहिली. भुलीच्या डॉक्टरांनी मास्क कबूल केला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी रखमीला विचारलं, "काही खाल्लंत का?"

"नाय."

मी कागदावर 'उपाशी' लिहून मोकळा झालो. तेवढ्यात सकुबाई तिच्या डोक्याला टोपी घालायला आली आणि नेहमीचा आगाऊ सवाल टाकला, "पेज किती प्यालीस?"

"गडवाभर," रखमी सहज म्हणाली.

"कवा?"

"गाडीत बसताना. सात वाजलं असतील. मोठ्या कामाला भुकेल्या पोटी निघतात काय कोन?"

घड्याळात नऊ वाजले होते. नाचणीच्या पेजेला पाड्यावर कुणी खाणं म्हणत नाही. उठलं, तोंड धुतलं, पेज प्याली, इतकी ती साधी गोष्ट. रखमी खोटं बोलली नव्हती. चूक माझी होती. मी 'उपाशी' खोडलं आणि भुलीच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मास्क घालून झोपवली असती आणि पेज वर आली असती, तर फुप्फुसात गेली असती. भरल्या पोटी नळी घालतानाही धोका असतोच. गाठ काही पळून जात नाही. पुढच्या आठवड्यात करू."

रखमीचा चेहरा पडला. पुढचा आठवडा म्हणजे लग्न अगदी डोक्यावर.

"तुमाला दुपारी मुरबाडला केसला जायचंय ना?" सकुबाई म्हणाली. "ती केस आधी उरका. दोनला परत या, तवर हिचं पोट रिकामं होतंय. मी बसते हिच्याजवळ."

डॉक्टर निमूट गाडीत बसले. सकुबाई खरोखरच दोन वाजेपर्यंत खाटेजवळून हलली नाही. दोनला मास्क बसला, गाठ निघाली. रखमीनं डोळे उघडले, छाती चाचपायच्या आधी घसा खाकरला आणि बारीक सूर काढून पाहिला. सूर लागला.

मी सकुबाईला गाठलं. "मावशी, हा सवाल तुम्हाला शिकवला कुणी?"

"सासूनं." ती बादलीत फडकं पिळत होती. "तिचं आपरेशन होतं, दुसरीकडं. पेज मीच पाजली. मला इचारलं, काय खाल्लं का म्हातारीनं? मी बोलले, नाय. खोटं नाय बोलले रे. मला तसंच वाटलं."

"मग?"

"मग काय. म्हातारी उठली नाय."

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं, आणि तिनं पहिल्यांदाच मला काही सुनावलं नाही.

वॉर्डात रखमी मीनाच्या लग्नाचा धवला हलक्या आवाजात म्हणत होती. सकुबाईनं बादली दाराशी ठेवली, धवला संपेपर्यंत उभी राहिली आणि मग फरशी पुसायला घेतली.