श्रावणातली बारा पोती

माझा स्वभाव तापट, हे मी आधीच सांगून टाकते. सांगितलं नाही तर आमच्या चोपडे गावातलं कुणीतरी सांगेलच. बारा पोत्यांचं लचांड आमच्या गळ्यात पडलं ते माझ्या तोंडामुळेच.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. नवं राज्य म्हटल्यावर साहेबलोकांना जिकडेतिकडे उद्यानं करायची हौस आली. नदीतल्या आमच्या बेटाचंही उद्यान झालं. म्हणजे चार कर्दळी, दोन बाकडी आणि एक फलक. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या बेटाच्या टोकाला जुन्या काळची जकातीची चौकी होती. चिऱ्याच्या चार भिंती, त्यातली एक कललेली. आम्ही गावातली दहा-पंधरा माणसं रविवारी होडीने जाऊन तिथली झाडोरं काढायचो, भिंतीवरचे वड उपटायचो. मी गावच्या मराठी शाळेत मास्तरीण, बाकी कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. मराठी की कोंकणी यावरून त्या दिवसांत घराघरांत तोंडं वाकडी होत होती. आमच्यातही दोन्ही बाजूंची माणसं होती, पण कोयता हातात असला की भांडायला जीभ मोकळी राहत नाही.

ही चौकी खरी माझ्या सासऱ्यांची. कागदोपत्री नव्हे, सवयीने. चाळीस वर्षं त्यांनी नदीवर होडी मारली. पावसात काठ दिसेनासा झाला की चौकीची पांढरी भिंत बघून ते होडी वळवायचे. आता मोतीबिंदूने त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. भिंत धोक्याची म्हणून चौकी पाडणार आणि तिथे सिमेंटची शेड घालणार, असं कानावर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ती पडली तर मी परत नदीवर पाय ठेवूचंय नाय." त्या दिवसापासून ते रविवारी आमच्याबरोबर होडीत बसायचे बंद झाले. ओसरीवर नदीकडे पाठ करून बसू लागले. मला ते बघवत नसे.

माझं माहेर डिचोलीजवळचं सर्वण. तिथे खाणीवर कामाला आलेला सावंतवाडीकडचा एक म्हातारा गवंडी होता. त्याला मी चौकी दाखवायला आणलं. भिंतीवर टिचकी मारून तो म्हणाला, "सिमेंट लावशात तर चिरो आतून कुजतलो. हेका शिंपल्यांचोच चुनो होयो. बारा पोती शिंपले द्या, दसऱ्यानंतर मी भट्टी लावतंय."

उद्यानाच्या साहेबांना मी हे सांगायला गेले. ते हसले. "बाई, ठेकेदार चवथीनंतर येतोय. पोती कोण आणणार?"

"चवथ झाली की तिसऱ्या दिवशी या. बारा पोती बेटावर मोजून घ्या," मी ताडकन बोलले. "नसली तर खुशाल पाडा."

साहेबांनी कबूल केलं. मी ताठ मानेने घरी आले आणि रविवारच्या मंडळींना सांगितलं. मग दुकानदाराच्या बायकोला हसू आवरेना. "मास्तरणी, परवा श्रावण लागता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. श्रावण लागला की चवथीचा गणपती पोचवेपर्यंत आमच्या गावात मासळीचं नाव नाही. आणि मी तेवढ्याच दिवसांत बारा पोती तिसऱ्यांच्या, म्हणजे खाऊन उरलेल्या, शिंपल्या मागत होते. साहेबांकडे परत जाऊन मुदत वाढवून घ्यायला माझा स्वभाव आड येत होता.

पण माणसं कामाला लागली. आमच्याकडे खाल्लेल्या शिंपल्या माडाच्या मुळात टाकायची रीत आहे, माडाला बरं म्हणून. भर पावसात आम्ही माड उकरू लागलो. कुणाच्या आजीच्या काळच्या शिंपल्या निघाल्या, मातीसकट. त्यावरून थट्टा चाले, अमक्यांच्या घरात फारच कमी निघतात, म्हणजे पिढ्यानपिढ्या कंजूष. अशी सहा पोती झाली.

मग फेरीबोटीने पलीकडे शिवोलीला गेलो. तिथल्या ख्रिस्ती घरांना कुठला श्रावण? एका म्हाताऱ्या बाईने आमची गोष्ट ऐकून पोट धरधरून हसून घेतलं. त्यानंतर दर आठवड्याला ती वाड्यावरून शिंपल्या गोळा करून ठेवी आणि आम्हाला चहा आणि पाववाल्या पोदेराचे गरम उंडे देई. आत चुलीवर तिसऱ्यांचं सुकं शिजत असे. आम्ही उंडा चहात बुडवून खायचो आणि वास नाकाने खायचो. आमच्यातला एक शेतकरी म्हणाला, "वासान उपास मोडता काय गे?" मी म्हटलं, मोडत असेल तर सगळ्यांचा मोडला.

घरी मात्र सासूबाईंनी ताकीद दिली होती. त्यांचं सोवळं कडक. माझं उष्टं भांडं त्यांच्या भांड्यांजवळ ठेवलेलं चालत नसे. "श्रावणात असलां काय्येक माझ्या दारात हाडू नको," त्या म्हणाल्या. पोती शाळेच्या पडवीत ठेवावी लागली. मी मनात चरफडले. नवरा ओसरीवर पाठ फिरवून बसलाय आणि हिला सोवळं सुचतंय, असं वाटलं. बोलूनही दाखवलं असतं, पण त्या माझ्याहून तापट.

चवथ आली. दीड दिवसाचे गणपती पोचले तेव्हा पोती होती अकरा. साहेब यायला मधे एकच दिवस उरला होता. माड संपले, शिवोलीचा वाडाही झाडून झाला.

गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दीर वास्कोहून आला. तो तिथे बंदरात कामाला. सव्वा महिन्याचा उपास सोडायला त्याने दोन मोठ्या टोपल्या तिसऱ्या आणल्या होत्या आणि निम्म्या गावाला वाटल्या. दुपारी घराघरांतून खोबऱ्याच्या वाटपाचा वास सुटला. जेवणं झाली तरी सासूबाई पानावर बसल्या नाहीत. डोक्यावर पदर घेतला, हातात सूप घेतलं आणि भर पावसात बाहेर पडल्या. मला वाटलं, कुणाकडे हळदीकुंकवाला.

मी छत्री घेऊन मागोमाग गेले. त्या प्रत्येक दारात उभ्या राहात होत्या आणि म्हणत होत्या, "तुमच्या ताटातल्यो शिंपल्यो देयात." लोकांच्या उष्ट्या, चोखलेल्या शिंपल्या. कुणी धुऊन देतो म्हणालं तर, "धुवूक वेळ नाय, अश्योच घाल." मी सूप घ्यायला हात पुढे केला तर माझ्यावरच खेकसल्या. संध्याकाळपर्यंत बारावं पोतं भरलं. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि मग जेवल्या. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बेटावर पोती मोजली. बाराव्याजवळ आल्यावर नाकाला रुमाल लावला. ठेकेदाराला परत पाठवतो म्हणाले.

दसऱ्यानंतर भट्टी लागली, चुना विरला, मुरला. दिवाळी झाल्यावर गवंड्याने भिंत सरळ केली आणि तिला चुन्याचा हात दिला. त्या रविवारी सासरे न सांगता होडीत येऊन बसले. सासूबाईही आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. बेटावर उतरल्यावर त्यांनीच सासऱ्यांचा हात धरून त्यांना चौकीपर्यंत नेलं.

सासऱ्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. घाई नव्हती त्यांना. मग त्यांनी विचारलं, "आमच्या घरच्यो शिंपल्यो खंयच्या जाग्यार गे?"

बारा पोती एका भट्टीत भाजलेली, एका खड्ड्यात विरलेली. त्यातलं कुठलं कुणाचं, हे देवालाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांचा हात धरून कोपऱ्याजवळ एका जागी ठेवला. "हंय," त्या म्हणाल्या.

सासरे हात तिथेच ठेवून उभे राहिले. गवंडी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.