धडा ऑप्शनला टाकायचा नाही

सत्तरीला टेकलेल्या बाईने ऐन जानेवारीत एकटीने चिपळूणहून सोलापूर गाठू नये, असं आमच्या घरात सर्वांचं एकमत झालं. आमच्या घरात एकमत होतं म्हणजे मी विरोधात असते. मी बॅग भरली.

कारण होतं महादेवीचा फोन. कोल्हापूरच्या बी.एड. कॉलेजात मी शास्त्र कसं शिकवावं हे शिकवायचे, तेव्हाची ही माझी विद्यार्थिनी. आता सोलापूरजवळच्या एका खेड्यात तासिकेवर (तासाच्या हिशेबाने, कायम नसलेली नोकरी) दहावीला विज्ञान शिकवते. एरवी फोनवर खो खो हसणारी ही पोर त्या दिवशी अडखळत बोलत होती. सराव परीक्षेआधी तिने आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा उजळणीला घेतला आणि चार पालक संस्थेकडे गेले. बाई आमच्या लेकरांना माकडाची औलाद म्हणतात, अशी तक्रार. अध्यक्षांनी दिलगिरीपत्र टाईप करून ठेवलं होतं. रविवारच्या पालकसभेत महादेवीने त्याच्यावर सही करायची आणि तो धडा पुन्हा वर्गात काढायचा नाही.

"आणि नाही केलीस सही तर?"

"तर जूनला नव्या बाई बघतील, बाई."

"करायची नाही. मी येते," असं मी ठणकावून सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र मला घाम फुटला. मी येऊन नेमके काय दिवे लावणार होते, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. उमेदीच्या काळात मी मोर्चे काढले आहेत, विवेकाच्या बाजूने पथनाट्यं केली आहेत, पोलिसांच्या गाडीतही बसून आले आहे. पण ते सगळं शहरात, आपल्याच माणसांपुढे.

पुण्याहून दुपारच्या गाडीत बसले. कुर्डुवाडी मागे पडली आणि जमीन एकदम मोकळी झाली. आमच्या कोकणात दहा पावलं गेलं की डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. काळी माती, मधूनच बाभळीचं झाड, आणि बाकी सगळीकडे माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली ज्वारी. मी भातखाऊ मुलखातली, एवढी ज्वारी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती.

मोहोळला उतरणाऱ्या एका बाईंनी आग्रहाने मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची, तेल सुटलेली) दिली. मी भाकरीचा चांगला मोठा तुकडा तोंडात घातला. कर्रकन आवाज झाला, तो भाकरीचा नव्हता. माझ्या वरच्या कवळीचा एक दात बाहेर आला होता.

"अगं बया! आजी, ही चावायची न्हाय की, आमटीत मोडायची," त्या बाई कळवळून म्हणाल्या आणि लगेच पदराआड तोंड करून हसल्या. मीही हसले, पण दोनच दिवसांनी मला भाषण करायचं होतं आणि समोरच्या फटीतून 'स' निसटायला लागला होता. कपाळ माझं!

सोलापूरच्या स्थानकावर महादेवी उभीच होती. पूर्वीसारखीच काटकुळी, कपाळाला विभूती, आणि डोळ्यांखाली काळं. अक्कलकोट रस्त्याच्या एस.टी.ने आम्ही निघालो. वळसंग गेल्यावर फाट्याला उतरलो आणि पुढे तीन किलोमीटर चाललो. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. महादेवीची तशी ताकीद आहे.

घरात ती आणि तिची सासू काशव्वा, दोघीच. काशव्वांचा मुलगा, म्हणजे महादेवीचा नवरा, पुण्याला कंपनीत. "बर्री, कूड्री" (या, बसा), म्हणत काशव्वांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही, असा त्यांचा कारभार. त्यांनी माझी फट पाहिली, काही विचारलं नाही, पण रात्री आमटीत भाकरी अगदी लगदा होईतो कुस्करून माझ्यापुढे ठेवली.

सकाळी उठले तर महादेवी न्हाऊन, डाव्या तळहातावर इष्टलिंग (लिंगायत गळ्यात बाळगतात ते छोटं लिंग) घेऊन पूजेला बसलेली. मी आयुष्यभराची निरीश्वरवादी, पण माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. पूजा आटोपल्यावर तिला म्हटलं, "अगं, सभेत हेच सांग ना! म्हणावं मी रोज पूजा करते. त्यांची तोंडं बंद होतील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिची विद्यार्थिनी झाल्यासारखं वाटलं. "का सांगू, बाई? धडा शिकवायला माझी पूजा हा काय दाखला हाय?"

खरं सांगते, लाज वाटली.

त्या दिवशी शनिवार. दुपारी काशव्वांनी हुरडा खायला शेतात नेलं. आगटीत (शेणीच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात) कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम हिरवे दाणे गुळाबरोबर तोंडात टाकायचे. हुरडा मऊ असतो, कवळीशी भांडत नाही. मी अधाशासारखी खाल्ला. आणि खाता खाता माझं लक्ष गेलं, उभ्या पिकात काही काही ताटांना (ज्वारीच्या धाटांना) लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. लाल, हिरव्या. सगळ्या शेतात मिळून पंचवीस-तीस असतील.

झालं. माझ्यातली जुनी कार्यकर्ती जागी झाली. "काशव्वा, तुमची सून विज्ञान शिकवते आणि तुम्ही शेताची नजर काढायला चिंध्या बांधता? अहो, त्याने पीक वाढतं का?" आणि मी चांगली पाच मिनिटं बोलले. नवस, नजर, करणी, सगळ्यांचा समाचार घेतला.

काशव्वा शांतपणे दाणे चोळत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? ते बी हाय, बाई."

"म्हणजे?"

"पुढल्या सालाचं बी. वाऱ्यात जे पडलं न्हाय, कमी पाण्यात जे भरलं, दाणा बघा कसा मोत्यावानी, त्याला खूण करायची. काढणीला बाया येत्यात, त्यांनी ते सरसकट कापू न्हाय म्हणून. माझी सासू बी असंच करायची. तुमाला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी नुकतंच पाच मिनिटं सांगून बसले होते. महादेवी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. त्या फोननंतर पहिल्यांदाच. शेवटी मीही हसले आणि काशव्वांना हात जोडले. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "खावा."

रविवारी दहाला शाळेच्या पटांगणात सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. मधोमध अध्यक्ष, गावात सगळे त्यांना मालक म्हणतात. पांढरं धोतर, करड्या मिशा, माणूस वागायला गोड. निवडणूक तोंडावर आलेली आणि मालक उभे राहणार होते, त्यामुळे त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, महादेवी सोडून. तिला सांभाळून घेतल्याने मतं वाढणार नव्हती. "बाई हुशार हायत," ते म्हणाले, "पण कशाला वाद? एक धडा ऑप्शनला टाकला तर काय बिघडतंय? हितं सही करा, विषय मिटला."

मी हात वर करून बोलायला परवानगी मागितली आणि रात्री बसून काढलेले तीन तक्ते फळ्यावर लावले. मी बोलले वीस मिनिटं. जीवाश्म, कालखंड, वैज्ञानिक दृष्टिकोन. फटीतून 'स' शिट्टीसारखा निघत होता, पुढच्या पोरी खुसखुसत होत्या. मग खताच्या दुकानाचे मल्लिनाथ उठले. चौघा तक्रारदारांचे म्होरके हेच. "मास्तरीणबाई, तुमचा आजा माकड व्हता का? आमचा न्हवता!" पटांगण हसलं. "ही पुरोगामी माणसं अशीच. येत्यात, आमाला अडाणी म्हणत्यात, अन् जात्यात." त्याला टाळ्या पडल्या. मी इतकी चिडले की तक्ता काढताना फाटला. आणि चिडण्याचं खरं कारण असं की आदल्या दिवशी शेतात मी अगदी तेच केलं होतं.

मालकांनी पेन पुढे केलं. महादेवी उठली.

तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला. "मालक, एक इचारू का?" काशव्वा गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहत होत्या. "दुधनीच्या बाजारात तुमच्या जोंधळ्याचं नाव हाय. तुमच्या आज्याच्या टायमाला असंच व्हतं का कणीस?"

मालक खुलले. ज्वारीचा विषय निघाला की ते निवडणूकही विसरतात. "छ्या! आज्याच्या वेळंला एवढंसं कणीस, अन् वारं सुटलं की समदं आडवं. तीन पिढ्या बी निवडतोय आमी. तवा कुटं हे दिसतंय."

"मग बदललं की पीक?"

"बदललं न्हाय तर! निवडलं की बदलतंयच."

"मग माझी सून येगळं काय शिकवतीया?"

एक म्हातारा मोठ्याने "आता ग!" म्हणाला.

पण मल्लिनाथ हटणारे नव्हते, आणि त्यांचा प्रश्न, मला मान्य करायलाच हवं, पक्का होता. "मालक, बदलला तरी जोंधळा जोंधळाच राहिला की. माणूस तर न्हाय झाला!"

यावर माझ्याजवळ दुसरा तक्ता होता. मी उठणार, तर महादेवीने मला हातानेच बसवलं. वर्गात प्रश्न आला की शिक्षकाचं जे होतं ते तिचं झालं होतं.

"लई चांगला प्रश्न हाय, मल्लिनाथअण्णा. मालकांच्या घरानं निवडलं तीन पिढ्या. निसर्गाकडं कोट्यवधी वर्षं हायत. अन् तितं चिंधी बांधायला कुणी न्हाय. तगलं त्याचं बी राहिलं, पडलं ते गेलं, बस. आता माकडाचं. माकड तुमचा आजा हाय, असं पुस्तकात कुटंच लिहिलेलं न्हाय. लई मागं गेलं की त्याचा अन् आपला मूळपुरुष एक. म्हंजे माकड आपला आजा न्हाय. आपल्या भावकीतलं हाय."

"भावकीतलं?" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हनूनच शेतात येऊन नुकसान करतंय व्हय!"

हशा असा उसळला की स्वतः मल्लिनाथही हसले. त्या हशातच सतरंजीवरच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी दहावीत. "हसू नका. मला एक सांगा, बोर्डाच्या पेपरात ह्यो धडा हाय का न्हाय?"

"आहे," मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

"माझ्या पोरीला नर्स व्हायचंय. तिनं का म्हनून सोडायचा? तुमच्या पोरांना शिकवण्या हायत सोलापुरात. आमच्या पोरींना ह्या बाईच हायत."

महादेवी मालकांकडे वळली. "मालक, मी सही करणार न्हाय. मी चुकीचं काय शिकवलं न्हाय. जूनला तुमी मला घेऊ नका, पण तवर ह्यो धडा मी शिकवणार. उद्या पयल्याच तासाला हाय. ज्याला शंका हाय त्यानं येऊन बसावं अन् इचारावं."

"धडा शिकवावा असं कुणाकुणाला वाटतंय?" हे मालकांनी विचारलं नाही. काशव्वांनी विचारलं, आणि स्वतःचा हात वर केला. मग नर्स व्हायचंय त्या पोरीच्या आईचा. मग बांगड्यांचा आवाज करत सगळी सतरंजी वर आली. खुर्च्यांवरून आधी एक, मग चार, मग मोजायचं कारण उरलं नाही. मालकांनी एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा पुरुषांकडे. त्यांना मतांचा अंदाज फार चांगला येतो. त्यांनी दिलगिरीपत्राची घडी घालून खिशात टाकली. "शिकवा की, बाई. जूनला बी तुमीच या," ते म्हणाले.

मी रडले. उघड, नाक ओढत, सगळ्यांदेखत. महादेवी येऊन गळ्यात पडली तेव्हा तीही रडत होती आणि काशव्वा आम्हा दोघींना दोन भाषांत रागवत होत्या.

सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गाच्या दारात उभी होते. आत जायला जागाच नव्हती. मुलं पुढे, आणि मागे आया, दोन आजोबा, मल्लिनाथ. मालक शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून, पुढ्यात वही काढून बसले होते. महादेवीने खडू उचलला आणि शिकवायला लागली. दहाव्या मिनिटाला मल्लिनाथ बसल्या जागेवरून म्हणाले, "पण बाई, पुरावा काय?"

"प्रश्न उभं राहून विचारायचा," महादेवी म्हणाली.

आणि ते उभे राहिले. पोरांना कोण आनंद झाला! तिने उत्तर दिलं, त्यांनी आणखी एक विचारला, त्यातला अर्धा त्यांना पटला आणि अर्धा नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसून विचार करत होते. चाळीस वर्षं मी समजत आले की विज्ञान आपण चार शहाणी माणसं लोकांकडे घेऊन जातो. काशव्वांच्या शेतात ते माझ्या किती आधी पोचलं होतं, आणि मी तिथे उभी राहून त्यांनाच व्याख्यान झोडत होते. लढायचं आहेच, ते मी सोडणार नाही; सही मागणारे पुन्हा कुठेतरी येतील. फक्त यापुढे बोलण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारीन. एवढी अक्कल यायला मला सत्तर वर्षं लागली आणि एक दात गेला.

चिपळूणला पोचले तशी शेजारच्या शुभाताई चहा घेऊन आल्या. "एवढ्या लांब गेलात, सोलापुरात बघण्यासारखं काय काय बघितलंत?"

"शेवटच्या बाकावर बसून वही काढलेले अध्यक्ष," मी म्हटलं, आणि शुभाताईंना समोर बसवून पहिल्यापासून सांगायला लागले.